पर्जन्यगणिताचे यंत्रांतर : पाठभेदांच्या दृष्टीने एक विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगावमार्गे वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव हे गाव वसलेले आहे. पश्चिम विदर्भातील इतर गावांप्रमाणे येथेही खरिपाचा जीव मृगाच्या पावसावर अवलंबून असतो. पूर्वी या टापूतील काळ्या जमिनीत ज्वारी व कापूस यांचे प्राबल्य होते. गेल्या काही दशकांत सोयाबीन व तूर यांनी त्यांची जागा बऱ्याच अंशी घेतली. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज करू नये, असे कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत. त्याआधी पेरले आणि पुढे पावसाचा खंड पडला, तर बियाणे करपते व दुबार पेरणी कपाळी येते. वाट पाहत बसावे, तर हंगाम हातचा जातो. पाऊस केव्हा आणि किती, या प्रश्नाचे उत्तर डोणगावच्या शेतकऱ्याला आज ज्या गणितातून मिळते, ते गणित पुणे व नोएडा येथील महासंगणकांवर चालते. परंतु ते त्या यंत्रांवर जन्मलेले नाही. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर, तेथून तिसऱ्यावर, अशी तिची वाटचाल झालेली आहे. कोणते यंत्र केव्हा विकत घेतले, त्याची गती किती, याविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. या प्रवासात संहितेचे काय झाले, याविषयी मात्र फारच थोडे. प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसरा होय.

एका संगणकासाठी रचलेली आज्ञावली दुसऱ्यावर नेणे, तेथील यंत्रभाषेत तिचे नव्याने रूपांतर करणे आणि उत्तरे पूर्वीचीच येतात की नाही हे तपासणे, या सर्व व्यापाराला मराठीत रूढ असा एक शब्द नाही. भाषांतर, देशांतर, वेषांतर हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. त्याच धर्तीवर येथे ‘यंत्रांतर’ हा शब्द योजिला आहे. ज्या आज्ञावलीमुळे हे रूपांतर घडते, तिला संकलक म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाशी प्रामाणिक आहे. कारण १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी तो वापरला, तेव्हा तयार आज्ञांचे तुकडे गोळा करून एकत्र जुळविणे एवढेच काम अभिप्रेत होते. पुढे काम बदलले, तरी नाव राहिले. आजचा संकलक वस्तुतः भाषांतरकार आहे, आणि भाषांतरकाराचे सर्व गुणदोष त्याच्या ठायी आहेत.

पावसाचा अदमास घेण्याची परंपरा बुलढाणा जिल्ह्याला नवी नाही. याच जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, पुरी असे पदार्थ ठेवतात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य विखुरले, हे पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. तिला शास्त्राचा आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखविले आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घट ही निसर्गाची एक लहान प्रतिकृतीच आहे. चार ढेकळे म्हणजे चार महिने, धान्याचा दाणा म्हणजे पीक. संगणकावरील प्रतिमानही शेवटी प्रतिकृतीच. भेद असा की, तोच घट तसाच पुन्हा मांडता येत नाही, आणि दुसऱ्या गावी मांडून दोहोंची उत्तरे ताडून पाहण्याची पद्धतही तेथे नाही. प्रतिमान पुन्हा चालविता येते, दुसऱ्या यंत्रावर चालविता येते, आणि उत्तर जुळले नाही तर कोठे बिघडले हे शोधता येते. किंबहुना ते तसे चालविता आले पाहिजे. नाही तर त्याची आणि घटाची योग्यता एकच.

पुन्हा चालविता येणाऱ्या गणिताची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० चा. त्यातील कौशल्य असे की, ज्या-कोज्यांची किचकट कोष्टके टाळून साध्या अंकगणिताने ग्रह साधावेत अशी त्याची रचना आहे. म्हणजे कोणत्याही गावच्या जोशाला ते करता यावे. स्थळ बदलले की देशांतराचा संस्कार करावयाचा, बाकी कृती तीच. करणग्रंथ हा एका अर्थी आज्ञावलीच होय, आणि ती चालविणारे यंत्र म्हणजे जोशी. पुढे १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांचा ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ नव्या पाश्चात्त्य गणिताच्या आधारे सिद्ध झाला, आणि जुन्या व नव्या पंचांगांतील तफावत चव्हाट्यावर आली. त्या वादात लोकमान्य टिळकांसारख्यांनी भाग घेतला, आणि काही घरांतून सणवार वेगळे होऊ लागले ते कायमचेच.

या वादाचे एक अंग येथे महत्त्वाचे आहे. दोन गणितांतील फरक पुष्कळदा थोड्या घटिकांचाच असे. परंतु सूर्योदयी जी तिथी तीच दिवसाची, असा नियम असल्यामुळे तिथी सूर्योदयाच्या आगेमागे संपत असेल, तर त्या अल्प फरकाने सबंध दिवस बदले. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राशीला लहानसा धक्काही पुरतो. पर्जन्याच्या गणितात असे उंबरठे पदोपदी आहेत. हवेतील बाष्प अमुक प्रमाणाच्या वर गेले की ढग धरावयाचा, खाली राहिले की नाही, अशा अटी प्रतिमानात घातलेल्या असतात; आणि गणिताच्या अखेरीस शेतकऱ्याचा ७५ मिलिमीटरचा उंबरठा असतोच.

हवामानाचे गणित मांडण्याचा पहिला मोठा प्रयोग यंत्राविना झाला. इंग्रज शास्त्रज्ञ लुई फ्राय रिचर्डसन याने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वातावरणाची समीकरणे हाताने सोडवून सहा तासांतील वायुदाबाचा बदल काढला. उत्तर आले १४५ मिलिबार; प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. तरीही, चौसष्ट हजार माणसे एका प्रचंड दालनात बसून पृथ्वीचे हवामान गणीत आहेत, असे कल्पनाचित्र त्याने रंगविले. त्या माणसांसाठी त्याने वापरलेला शब्द आज यंत्रवाचक झाला आहे. मराठीतही असेच घडले. ‘गणक’ म्हणजे ज्योतिषी, माणूस. ‘संगणक’ म्हणजे यंत्र. जनगणनेच्या ‘प्रगणका’त मात्र माणूस अजून टिकून आहे. भारतातही, १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवामानाचे परस्परसंबंध शोधले, ते हिंदी कारकुनांच्या हातून करविलेल्या अगणित आकडेमोडीच्या बळावर. १९२८ साली या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. ते पुढे दिल्लीस गेले, परंतु पुण्यातील त्या इमारतीला व चौकाला लोक अद्याप सिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात.

१९५० साली अमेरिकेत चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन नॉयमन यांनी एनिॲक या यंत्रावर पहिले संख्यात्मक भाकीत केले. त्यात दोन बिंदूंमधील अंतर ७३६ किलोमीटर होते. म्हणजे मुंबईहून नागपूरचे जे सरळ अंतर, त्याहून थोडे अधिकच. अशा जाळ्यातून विदर्भच काय, सारा महाराष्ट्र निसटावा. शिवाय चोवीस तासांच्या भाकिताला जवळपास चोवीस तासच लागले. हवेच्या बरोबरीने गणित धावले एवढेच.

महाराष्ट्रात या प्रकारच्या यंत्राचा आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले तेथील यंत्र १९६० साली पूर्णत्वाने कार्यान्वित झाले, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्याची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. त्यावर काम करणाऱ्याला यंत्राच्याच भाषेत लिहावे लागे. त्यामुळे टिफ्रॅकसाठी लिहिलेले गणित टिफ्रॅकबरोबरच संपले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले, तेव्हा परिस्थिती पालटली. देशातील अनेक संस्थांचे संशोधक आपले काम घेऊन कुलाब्यास येऊ लागले, आणि ते काम बहुतांशी फोर्ट्रानमध्ये असे.

फोर्ट्रान ही भाषा आयबीएममध्ये जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली तयार केली. तिच्यामुळे शास्त्रज्ञाला समीकरणाशी मिळतेजुळते लिहिता येऊ लागले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. प्रत्येक यंत्रनिर्मात्याने आपला संकलक आपल्या पद्धतीने रचला, त्यात सोयीच्या चार गोष्टी घातल्या, आणि दहा वर्षांच्या आत या कृत्रिम भाषेच्या बोली झाल्या. नैसर्गिक भाषेला ज्यासाठी शतके लागतात ते येथे एका दशकात घडले. १९६६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणरूप ठरविण्यात आले. आज्ञावलीच्या भाषांत असे प्रमाणीकरण प्रथम फोर्ट्रानचेच झाले. परंतु प्रमाणभाषा ठरली म्हणून बोली मरत नाहीत. जुन्या लेखकांच्या हाताला जे वळण होते ते होतेच, आणि त्यांच्या आज्ञावल्या आजतागायत वापरात आहेत.

या भाषेचे काही विशेष यंत्रांतराच्या वेळी विशेष घात करीत. नावाचे आद्याक्षर रोमन लिपीतील ‘आय’ ते ‘एन’ यांपैकी असेल, तर ती राशी पूर्णांक समजावयाची, अन्यथा अपूर्णांकी, असा संकेत होता. मराठीत अंत्यस्वरावरून पुष्कळदा लिंग ओळखावे तसा. नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तर संकलक तक्रार न करता नवीच राशी निर्माण करी. ओळीतील बहात्तराव्या स्थानापलीकडे जे लिहिले असेल ते वाचलेच जात नसे. छिद्रित कार्डाच्या काळातील हा नियम कार्डे गेल्यावरही राहिला. पोथीची कड कातरली जावी आणि ओळीचे शेवटचे अक्षर जावे, पण उरलेले वाक्यही व्याकरणशुद्धच राहावे, तसा हा प्रकार. आणखी एक दोष याहून सूक्ष्म. एखाद्या राशीला आरंभीचे मूल्य द्यावयाचे लेखक विसरला असेल, तर जुन्या कित्येक यंत्रांवर तेथे शून्य सापडे आणि गणित सुरळीत चाले. नव्या यंत्रावर त्याच जागी पूर्वीच्या कोणत्या तरी कामाचा कचरा पडलेला असे. आज्ञावली तेथे चुकली असे नव्हे. ती आरंभापासूनच चुकलेली होती, आणि नव्या यंत्राने ती चूक उघड केली. यंत्रांतराचा हा मोठाच लाभ म्हटला पाहिजे.

आकड्यांच्या लेखनातही एकवाक्यता नव्हती. सीडीसी ३६०० चा शब्द ४८ द्विमान अंकांचा असल्याने त्यात दहा-अकरा दशांश अंकांची अचूकता मिळे. आयबीएम ३६० या मालिकेतील यंत्रांचा साधा शब्द ३२ अंकांचा, आणि त्यांचे अपूर्णांकगणित सोळाच्या पायावर, त्यामुळे सहा-सात अंकच हाती लागत. तेच वाक्य, तोच अर्थ, पण उत्तरातील शेवटचे चार अंक गळालेले. १९८५ साली अपूर्णांकगणिताचे एक सर्वमान्य प्रमाण विल्यम काहन यांच्या पुढाकाराने ठरले, तेव्हा कोठे हा गोंधळ आवरू लागला. स्मृतीत अंकाचा कोणता भाग आधी ठेवावयाचा, याबाबतही दोन पंथ आहेत. इंग्रज ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणताना वीस आधी उच्चारतो. मराठी माणूस ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो. जुन्या ज्योतिषग्रंथांत तर शब्दांनी दिलेली संख्या एकं स्थानापासून वाचावयाची असते. यंत्रांतही अगदी असेच दोन प्रघात पडले, आणि १९८० साली डॅनी कोहेन यांनी त्या पंथांना स्विफ्टच्या कादंबरीतील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या पक्षांची नावे दिली. ती रूढ झाली. एका पंथाच्या यंत्राने लिहिलेली माहिती दुसऱ्याने तशीच वाचली, तर तापमान कोट्यवधी अंशांचे निघते. ही चूक हास्यास्पद असल्यामुळेच निरुपद्रवी आहे. ती लपत नाही.

मोसमी पावसाच्या भाकितासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीच्या एक्स-एमपी २४ या महासंगणकाची मागणी केली होती. वाटाघाटींअंती मिळाला तो एक्स-एमपी १४, तोही कडक अटींवर. या क्रमांकांतील पहिला अंक प्रक्रियकांची संख्या दाखवितो व दुसरा स्मृतीचे आकारमान, म्हणजे दोहोंऐवजी एका प्रक्रियकावर भागवावे लागले. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रासाठी हे यंत्र दिल्लीत बसविण्यात आले. त्याच वर्षी पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, बुलढाण्याच्या शेजारचेच. सी-डॅकचा परम ८००० हा संगणक १९९१ साली सिद्ध झाला. त्यात ट्रान्सप्यूटर जातीचे चौसष्ट लहान प्रक्रियक एकमेकांशी जोडलेले होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ आणि बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ ही समांतर यंत्रेही याच सुमाराची. परमची कथा मराठी वाचकांत नकाराला दिलेले उत्तर म्हणून सांगितली जाते, आणि ती अभिमानास्पद आहेच. तथापि, यंत्र बांधल्याने उत्तर अर्धेच दिले जाते. क्रेवर चालणारे पावसाचे गणित त्या यंत्रावर चालले पाहिजे, आणि त्याच निष्ठेने चालले पाहिजे, हा उत्तराचा दुसरा अर्धा भाग. आणि तोच अधिक कष्टाचा होता.

दिल्लीच्या केंद्रात चालणारे टी-८० हे प्रतिमान अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान केंद्राकडून आलेले. पृथ्वीभोवतीचे वातावरण लाटांच्या बेरजेने मांडावयाचे, आणि ऐंशी लाटांपुढील तपशील सोडून द्यावयाचा, ही त्याची रीत. अक्षवृत्तावर २५६ व रेखावृत्तावर १२८ असे बिंदू त्यात घेतले जात. म्हणजे दोन बिंदूंत सुमारे दीडशे किलोमीटर अंतर. बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९६६१ चौरस किलोमीटर आहे; या प्रतिमानाच्या एका चौकोनात असे दोन जिल्हे मावून जागा उरे. हे प्रतिमान क्रेच्या एका बलाढ्य प्रक्रियकासाठी घडविलेले होते. ते अनेक दुर्बल प्रक्रियकांवर नेण्याचे प्रयत्न नव्वदच्या दशकात बंगळूर, मुंबई व पुणे येथे झाले. बंगळूरच्या गटाने आपले काम १९९४ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सविस्तर मांडले; अनुपमची एक आवृत्ती तर पुढे दिल्लीच्या केंद्रातच वापरात आली.

कामाची अडचण दुहेरी होती. एक भाषेची : क्रेवर साधी अपूर्णांकी राशी ६४ अंकांची, नव्या प्रक्रियकांवर ३२ अंकांची; म्हणून संहितेतील प्रत्येक घोषणा तपासून दुप्पट अचूकतेची करावयाची. शिवाय क्रेचे ६४ अंक आणि १९८५ च्या प्रमाणाचे ६४ अंक यांची आतील वाटणी भिन्न. दुसरी अडचण वाटपाची : अक्षवृत्ते प्रक्रियकांत वाटून दिली, तरी लाटांची बेरीज करतेवेळी प्रत्येकाला सर्वांकडून माहिती घ्यावी लागे. पहिल्या अडचणीला चिकाटी पुरेशी होती. दुसरीतून मात्र असा एक प्रश्न उद्भवला की जो शेवटी सुटला नाही, फक्त नीट मांडला गेला.

प्रश्न असा. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे शाळेत शिकविले जाते. यंत्रात ते खरे नसते. तीनच सार्थ अंक ठेवणारे एक यंत्र कल्पावे. त्यावर १००० मध्ये ४ मिळविले तर १००४ होतात, परंतु तीन अंकांत ते पुन्हा १००० च राहतात. आणखी ४ मिळविले तरी १०००. उलट आधी ४ आणि ४ यांचे ८ केले आणि मग ते १००० मध्ये मिळविले, तर १००८ चे तीन अंकांत १०१० होतात. खरे उत्तर १००८. दोन्ही उत्तरे यंत्राच्या मर्यादेत निर्दोष, आणि तरीही भिन्न. चौसष्ट प्रक्रियकांत बेरीज वाटली की क्रम बदलतो. संकलकाने वेगासाठी पदे मागेपुढे केली तरी तो बदलतो. वास्तव यंत्रात हा फरक पंधराव्या-सोळाव्या स्थानी असतो. मग त्याची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल.

त्याचे उत्तर एडवर्ड लोरेंझ यांनी देऊन ठेवले होते. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स येथे आपले छोटे हवामान-प्रतिमान मध्येच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचे ०.५०६ एवढेच भरले. काही काळ दोन्ही गणिते जोडीने चालली. मग ती अशी फाकली की जणू दोन वेगळ्या जगांचे हवामान. त्यावर आधारलेला त्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या अंकातील फरक काही दिवसांत साऱ्या नकाशावर पसरतो, हा गणिताचा दोष नसून वातावरणाचा स्वभाव आहे.

तेव्हा नव्या यंत्रावरील उत्तर जुन्याशी जुळत नाही, हे दिसल्यावर काय समजावे? संहितेत चूक शिरली, की केवळ शेवटचा अंक हलला? संहिताशास्त्राला हा पेच परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती प्रतींची तुलना करून. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली तीही त्याच मार्गाने. परंतु तेथे प्रत्येक पाठभेद हा मुळापासून झालेला विचलनच, आणि मूळ एकच असावे, असे गृहीत असते. येथे तसे गृहीत धरताच येत नाही; दोन भिन्न पाठ सारखेच प्रमाण असू शकतात.

अमेरिकेतील बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्राचे जेम्स रोझिन्स्की व डेव्हिड विल्यमसन यांनी १९९७ साली यावर एक तोड काढली. विश्वासातील जुन्या यंत्रावर प्रतिमान एकदा जसेच्या तसे चालवावे. मग त्याच यंत्रावर, आरंभीच्या तापमानाचा केवळ शेवटचा अंक हलवून पुन्हा चालवावे. या दोहोंतील अंतर दिवसागणिक कसे वाढते त्याचा आलेख काढावा. आता नव्या यंत्रावर चालवून जुन्याशी येणारे अंतर पाहावे. ते पहिल्या आलेखाच्या आत राहिले, तर फरक अंक हलल्याचा. त्याहून वेगाने वाढले, तर संहितेत किंवा संकलकात दोष आहे असे समजून शोध घ्यावा. बोलीच्या अभ्यासकाला ही रीत चटकन पटेल. दोन वक्त्यांच्या उच्चारांतील फरकाला महत्त्व द्यावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी एकच वक्ता तोच शब्द दहा वेळा म्हणताना किती बदलतो हे मोजावे लागते. स्वतःशी असलेला भेद हाच परक्याशी असलेल्या भेदाचा मापदंड. २०१५ साली याच केंद्रातील संशोधकांनी ही कल्पना पुढे नेली. एका जोडीऐवजी किंचित हलविलेल्या १५१ धावांचा समूह घेऊन, नवी धाव त्या समूहात खपते की नाही, हे संख्याशास्त्राने ठरवावयाचे, अशी त्यांची पद्धत आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा अलीकडचा इतिहास म्हणजे अशा यंत्रांतरांची मालिकाच. ही संस्था १९६२ साली हवामान खात्याचा भाग म्हणून स्थापन झाली व १९७१ साली स्वायत्त झाली. २०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनसाठी तिने अमेरिकेकडील, वातावरण व समुद्र यांना जोडणारे सीएफएसव्ही-२ हे प्रतिमान स्वीकारले, आणि त्याचे जाळे सुमारे शंभर किलोमीटरवरून अडतीसवर आणले. तेव्हा संस्थेत आयबीएमचे पॉवर-६ जातीचे ‘पृथ्वी’ हे यंत्र होते. २०१३ च्या सुमारास इंटेल प्रक्रियकांचे ‘आदित्य’ आले. २०१८ च्या जानेवारीत क्रे कंपनीचे ‘प्रत्यूष’. पृथ्वीकडून आदित्यकडे जाताना अंक मांडण्याचा पंथ बदलला आणि संकलक बदलला. याशिवाय पृथ्वीचे प्रक्रियक गुणाकार व बेरीज एकाच झटक्यात करून एकदाच पूर्णांकन करीत; आदित्यचे तेथे दोनदा करीत. संहितेतील एक अक्षरही न बदलता उत्तराचा शेवटचा अंक बदलावयास एवढे पुरते. येथे एक व्यावहारिक विपत्तीही उभी राहते. हंगामी भाकीत विश्वसनीय ठरविण्यासाठी मागील अनेक वर्षांचे पावसाळे त्याच प्रतिमानावर पुन्हा चालवून, त्याची नेहमीची चूक किती हे काढावे लागते व ती वजा करावी लागते. यंत्र बदलल्यावर जुन्या यंत्रावर काढलेली ती चूक नव्यालाही लागू आहे, हे सिद्ध झाल्याखेरीज ती वजा करण्याचा अधिकार नाही. वृत्तपत्रांत नव्या महासंगणकाच्या गतीचे आकडे ठळक टायपात येतात. या पडताळणीला बातमीमूल्य नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात पुण्यास ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला, व त्याबरोबर नोएडास ‘अरुणिका’. प्रत्यूषवर जे गणित दहा तासांपर्यंत वेळ घेई, ते अर्कवर सुमारे चार तासांत होऊ लागले. त्या बळावर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे सहा किलोमीटरच्या जाळ्याचे प्रतिमान राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तत्पूर्वीचे जाळे बारा किलोमीटरचे होते. टी-८० च्या काळी बुलढाण्यासह दोन-तीन जिल्ह्यांच्या वाट्याला एक चौकोन येई. आता बुलढाणा जिल्ह्यातच सुमारे २७० चौकोन पडतात, आणि डोणगावचे शिवार व मेहकर शहर वेगवेगळ्या चौकोनांत मोडतात.

यामुळे पडताळणीचे स्वरूपही बदलते. चौकोन दीडशे किलोमीटरचा असताना डोणगावला पाऊस झाला नाही, तर प्रतिमान चुकले असे कोणालाही म्हणता येत नसे. शेजारी कोठे तरी झालाच असेल, एवढे उत्तर पुरे. २०१७ साली बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा त्या तक्रारीची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवे होते की, दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या माथी येतो, त्याला सरासरीचा आकडा उपयोगी नसतो. सहा किलोमीटरच्या चौकोनाला मात्र गावचे पर्जन्यमापक सरळ जाब विचारू शकते. यंत्रायंत्रांतील पाठभेद खपवून घेण्याजोगे आहेत की नाहीत, हे बोल्डरच्या रीतीने प्रयोगशाळेतच ठरेल. पाठ खरा आहे की नाही, हे मोजावयाचे तर प्रत्येक चौकोनात पावसाची नोंद नियमाने ठेवली गेली पाहिजे. आणि प्रतिमानाचे जाळे जितक्या वेगाने बारीक झाले, तितक्या वेगाने पर्जन्यमापकांचे जाळे दाट झालेले नाही.